मदत हवी आहे : राणीच्या पायात कुसळ

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या राणीला (गावठी कुत्री, ३ वर्षं) घेऊन बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या राजहंसगडावर जायचं ठरवलंय. परवा मार्कंडेय नदीकाठच्या शिवारात तिला फिरवलं. भात पिवळं झालंय, बांधावरचं गवत पार वाळलंय. घरी आल्यापासून पुढचा पाय सारखा चाटत होती. बघतो तर बोटांच्या बेचक्यात कुसळ रुतलेलं! चिमट्यानं काढलं, पण जागा अजून लाल आहे, हात लावला की पाय ओढून घेते.

तुकडा आत राहिला असेल का? कुसळ मागं फिरत नाही, आत आतच सरकतं, म्हणून जीव धास्तावलाय. टिळकवाडी-शहापूरकडचे कुत्र्यांचे चांगले डॉक्टर सुचवा. आणि गडाच्या वाटेवर गवत कितपत आहे, कुणी नुकतंच जाऊन आलंय का?