फोर्ट्रानमधून डेटा सेव्ह करताना लायब्ररी लिंकिंगची (बाहेरची लायब्ररी आपल्या प्रोग्रॅमला जोडायची) कटकट टाळता येते का?

खारावारा: माझं मॉडेल फोर्ट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेत आहे, समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान, ३६० × १८० ची ग्रिड, डबल प्रिसिजन (एक आकडा ८ बाईटचा). नेटसीडीएफमधे (एककं, अक्षांश-रेखांशासकट डेटा साठवायचा फाईल फॉरमॅट) लिहायचं होतं पण क्लस्टरवरची लायब्ररी इंटेल कंपायलरने बनवलेली आणि मी वापरते जीफोर्ट्रान हा दुसरा कंपायलर, त्यामुळे ही जीफोर्ट्रानची मोड्यूल फाईलच नाही (ती कंपायलरगणिक वेगळी असते) म्हणून कंपाईलच होईना. दोन दिवस गेले. शेवटी वैतागून साधी अनफॉरमॅटेड (बायनरी) फाईल लिहिली, पायथनमधे नमपाय या लायब्ररीच्या फ्रॉमफाईलने वाचली तर ६४८०० ऐवजी ६४८०१ आकडे येतायत आणि सगळेच भलतेसलते. काय चुकतंय?

जुनाकोड: फाईल ५१८४०८ बाईटची असणार बघा. हवी ५१८४००. फोर्ट्रान प्रत्येक रेकॉर्डच्या (एका राईटने लिहिलेल्या डेटाच्या) आधी आणि नंतर लांबीचे ४-४ बाईट घालतो, पायथनला ते माहीत नसतं, तो पहिल्या बाईटपासून ८-८ चे तुकडे पाडतो म्हणून सगळं ४ बाईटने सरकतं. फाईल उघडायच्या ओपन स्टेटमेंटमधे ॲक्सेस स्ट्रीम करा, म्हणजे हे जादा बाईट येत नाहीत, फॉर्म अनफॉरमॅटेडच राहू दे. फोर्ट्रान २००३ पासून आहे हे.

रांग_आणि_स्तंभ: आणि वाचलेल्या आकड्यांची परत ग्रिड करताना रीशेप जपून हं! फोर्ट्रानमधे पहिला इंडेक्स सगळ्यात भराभर फिरतो, नमपायमधे शेवटचा. (३६०, १८०) दिलंत तर ऑर्डर एफ (फोर्ट्रानचा क्रम) लिहायलाच हवं, नाहीतर सरळ (१८०, ३६०) घ्या. विसरलात तर एरर येत नाही, तेच वाईट, मी अख्खा आठवडा चुकीच्या नकाशावरून सरासऱ्या काढत बसलो होतो.

मधलीसुट्टी: दोघांचं बरोबर आहे पण नुसती बायनरी कृपया साठवून ठेवू नका. सेल्सिअस की केल्विन, अक्षांश उत्तरेकडून की दक्षिणेकडून, काहीच त्यात नसतं आणि वर्षभराने तुम्हालाच आठवणार नाही. पायथनमधे वाचली की लगेच एक्सअरे या पायथन लायब्ररीने एककं टाकून नेटसीडीएफ करा. शिवाय मोड्यूलचं भांडण फक्त वरच्या फोर्ट्रान रॅपरचं (सी लायब्ररी फोर्ट्रानमधून वापरू देणाऱ्या थराचं) आहे, खालची सी लायब्ररी बहुतेक वेळा तीच चालते. नेटसीडीएफ-फोर्ट्रान हा रॅपर तेवढा जीफोर्ट्रानने आपल्या होम डिरेक्टरीत बिल्ड करा, लिंकिंगचे फ्लॅग एनएफ-कॉन्फिग देतो, हाताने लिहू नका.

खारावारा: स्ट्रीम केलं, बरोब्बर ५१८४०० आली! (१८०, ३६०) घेतलं तर अरबी समुद्र ओळखू आला, इतकं बरं वाटलं. पण नकाशा उलटा आहे, म्हणजे माझा अक्षांश दक्षिणेकडून सुरू होतो, हे कोडमधे कुठेच लिहिलेलं नव्हतं. एक्सअरेत टाकतेय आत्ताच. रॅपर शनिवारी बिल्ड करते, अडलं तर इथेच विचारेन.