अमेरिकेला मिक्सर न्यायचा आहे, नुसता अडॅप्टर पुरेल का?

राजारामपुरीकर:
आई-बाबा ६ महिन्यांसाठी न्यू जर्सीला ताईकडं निघालेत. सोबत ७५० वॅटचा मिक्सर, पाणी तापवायचा १००० वॅटचा रॉड, दोन मोबाइल चार्जर आणि २०,००० एमएएचची पॉवर बँक. आईला कांदा-लसूण चटणीसाठी मिक्सर हवाच. पिनांचा अडॅप्टर पुरेल की ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल?

उद्यमनगर वायंडिंग:
अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. आपल्याकडं २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ (हर्ट्झ म्हणजे विजेची सेकंदाला आवर्तनं). तिकडं १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. चार्जरवर ‘इनपुट १००-२४०’ छापलेलं असलं की अडॅप्टरवर काम भागतं. मिक्सरवर मात्र २३० च असणार. थेट लावला तर फिरेल, पण जोर धरणार नाही. सुक्या खोबऱ्यात पातं अडकून मोटर थांबली तरी करंट चालूच राहतो, वायंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) तापतं आणि वास यायला लागतो.

रॉड घरीच ठेवा. व्होल्टेज निम्मं झालं की ताकद चौथाईवर येते. तुमचा १००० वॅटचा रॉड तिथं जेमतेम २७० वॅट देईल, बादलीभर पाण्याला दीड तास.

मिक्सर न्यायचाच असेल तर १२० चे २३० करणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर, दुप्पट क्षमतेचा म्हणजे १५०० वॅटचा. सुरू होताना मोटर काही क्षण खूप जास्त करंट ओढते. तो फार जड असतो, तिकडंच घ्या. हलके ट्रॅव्हल कन्व्हर्टर मोटरला लावू नका.

ताराबाई पार्क:
त्यात एक भर. ट्रान्सफॉर्मरनं हर्ट्झ बदलत नाहीत. मिक्सरची मोटर कार्बन ब्रशची, तिला ६० हर्ट्झनं फरक पडत नाही. इडलीचं पीठ वाटायचा वेट ग्राइंडर मात्र बहुधा इंडक्शन मोटरचा असतो, तिचा वेग हर्ट्झवर ठरतो, त्यामुळं तो सुमारे २० टक्के जोरात फिरेल. तो नेऊच नका.

माझं मत विचाराल तर मिक्सरही नेऊ नका. आपल्या पद्धतीचे ११० व्होल्टचे मिक्सर तिकडं मिळतात. फक्त येताना तो ताईकडंच ठेवा, इथल्या २३० वर लावला तर लगेच जळेल.

राजारामपुरीकर:
मग मिक्सर तिकडंच घेतो. ताई म्हणते, ओट्याजवळच्या प्लगवर दोन बारकी बटणं आहेत. ती कशाची?

उद्यमनगर वायंडिंग:
टेस्ट आणि रीसेट. करंटची गळती झाली की वीज तोडणाऱ्या, आपल्या मीटरजवळच्या ईएलसीबीचाच प्रकार, पण जास्त नाजूक: आपला साधारण ३० मिलिअँपिअर गळतीला पडतो, हा ५ च्या आसपास. पडला तर आधी वस्तूची पिन काढा, मग रीसेट दाबा. तीच वस्तू लावल्यावर पुन्हा पडला तर तिच्यात गळती आहे, ती वापरू नका. दुसऱ्या प्लगला लावून चालवायला तर अजिबात जाऊ नका. आणि तीन पिनांची वस्तू दोन पिनांच्या अडॅप्टरवर लावू नका, अर्थिंग तुटतं.

ताराबाई पार्क:
पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनला नाही. २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॅट-तास. विमानात १०० पर्यंत चालते. आकडा पुसट झाला असेल तर तपासणीत अडवतात, आधी बघून घ्या.