संक्रांतीचा फोटो: सगळ्यांनी काळंच घालायचं का? रविवारपर्यंत मदत हवी आहे

गोदाकाठ: रविवारी लेकाचं बोरन्हाण आहे, तेव्हाच घरच्या सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचाय. सासूबाई म्हणतात सगळ्यांनी काळं घाला. काल सगळे कपडे पलंगावर मांडून बघितले, तर एकाचं काळं दुसऱ्याशी जुळत नाही. खरेदीला फक्त उद्याची संध्याकाळ आहे. काय घेऊ? लवकर सांगा, फोटो मोठा करून हॉलमध्ये लावायचाय.

सायसाखर: माणसं किती? बाळ केवढं? फोटो घरात की गच्चीवर? किती वाजता?

तांबडमाती: काळी पैठणी घ्या, दुसरा विचारच नको. नारळी काठ, पदरावर मोर. माझ्या पहिल्या संक्रांतीला घेतलेली अजून तशीच आहे.

सायसाखर: अहो, रविवारी फोटो आहे. ब्लाउज कधी शिवून मिळणार? आणि फक्त त्यांच्या साडीचा प्रश्न नाहीये.

तांबडमाती: पैठणीचं येवला नाशिकहून काही लांब नाही. ब्लाउज तयार मिळतात. घरच्या सुनेची पहिली संक्रांत एकदाच येते.

गोदाकाठ: पहिली संक्रांत नाही माझी, तिसरी आहे. बाळाचं पहिलं बोरन्हाण आहे, तो ११ महिन्यांचा. आम्ही ९ जण. घरातच, संध्याकाळी ६:३० ला, सोफ्यावर. सोफा गडद तपकिरी आहे.

उजेडवाला: मग घोळ कपड्यांचा कमी आणि उजेडाचा जास्त आहे. २० वर्षं घरगुती समारंभांचे फोटो काढतोय, म्हणून सांगतो. साडेसहाला बाहेरचा उजेड गेलेला असतो. गडद सोफ्यावर ९ काळे कपडे म्हणजे फक्त चेहरे आणि हात दिसणार. त्यात काळं जास्त असलं की फोनचा कॅमेरा अंधार आहे असं समजून चित्र उजळवतो. चेहरे पांढुरके होतात आणि हलव्याच्या दागिन्यांवरचा काटा पार पुसला जातो. त्या काट्यासाठीच तर काळं घालायचं! फोटो ४ वाजता काढा, खिडकीकडे तोंड करून, मागे फिकट भिंत. फोनवर चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड थोडा खाली ओढा.

काळ्या कपड्यांचं एकमेकांशी न जुळणं तर होणारच. धुऊन विटलेलं सुती काळं तपकिरी मारतं, सिंथेटिक निळसर दिसतं, रेशीम चमकतं. सगळे नवीन घेतलेत तरी कापड वेगळं असेल तर फरक राहणारच. त्यापेक्षा चौघापाचांनीच काळं घाला. बाकीच्यांना वांगी, डाळिंबी, मोतिया असे रंग द्या, आणि लाल काठ तेवढा दोघीतिघींत सारखा ठेवा.

गुळाची ढेप: तिळाच्या वडीला साधा गूळ घ्या, चिकीचा नको. चिकीच्या गुळाने वड्या दगडासारख्या होतात.

तांबडमाती: संक्रांतीला काळं नाही तर कधी घालायचं? एरवी सणाला कोणी घालू देत नाही. थंडीत काळ्याने ऊब मिळते म्हणून ही रीत आहे. मोतियाच घालायचा तर दिवाळीचा फोटो काढा.

उजेडवाला: रीत मोडा असं मी म्हटलेलं नाही. बाळाला आणि आईला काळं असू द्या.

पाटावरवंटा: बाळाला दागिने अगदी शेवटी घाला, आधी फोटो आणि मग बोरन्हाण. ११ महिन्यांचं मूल सगळं तोंडात घालतं, आणि त्या मुकुटात, बाजूबंदात तार, पुठ्ठा, डिंक असतो. डोक्यावरून चुरमुरे पडले की तो रडणारच, मग फोटो विसरा. बोरं, उसाचे करवे, घाटे एवढ्या लहान मुलावर ओतू नका, चुरमुरेच घ्या.

सायसाखर: ९ जणांत कोण कोण? कोणाकडे काळं नाहीच, असं आहे का?

गोदाकाठ: हेच लिहायचं राहिलं. आजेसासूबाई काळं नेसत नाहीत, आजोबा गेल्यापासून. त्या स्वतःच म्हणाल्या, मी कडेला बसते, नाहीतर फोटोत नसले तरी चालेल. ते ऐकल्यापासून मला चैन नाही. बाळाला रात्री त्याच झोपवतात.

उजेडवाला: अहो, हे पहिल्याच ओळीत हवं होतं! त्यांना मधोमध बसवा, त्यांच्या नेहमीच्या फिकट साडीत. बाळ त्यांच्या मांडीवर. फिकट साडीवर काळं झबलं, झबल्यावर पांढरा हलवा. बघणाऱ्याची नजर तिथेच जाईल. बाकीच्यांनी कितीही काळं घाला, मागे उभे राहा.

तांबडमाती: हे मात्र पटलं. माझ्या आजीचा मांडीवर नातू घेतलेला एकही फोटो आमच्याकडे नाही.

गोदाकाठ: आत्ता त्यांच्या खोलीत जाऊन विचारून आले. आधी नको म्हणाल्या, मग ट्रंकेतून मोतिया रंगाची इरकल काढली, लाल काठाची. पदर एका जागी विरलाय, तो बाळामागे झाकला जाईल. वेळ ४ ची केली. सासूबाईंना आज रात्री सांगते.

सायसाखर: छान. विरलेल्या घडीला आतून पातळ सुती कापडाचं अस्तर टाका, नाहीतर बाळ ओढेल तिथे फाटेल. आणि नवऱ्याचा कुर्ता सुती आहे का? विटला असेल तर उद्या तेवढाच घ्या.