मदत हवी आहे : कणकेवरून खोटं पकडता येईल का?

मंडळी, बेकरीचा धंदा असलेलं कुणी आहे का इथं? रहस्यकथा लिहायला घेतलीय. रक्तपात नाही फारसा, खारी-नानकटाईच्या वासात घडणारी. नायिका कोल्हापुरात मंगळवार पेठेत बेकरी चालवते आणि नको तिथं नाक खुपसते. (आमच्या आईचं मत: "बेकरीत मुडदा पडल्यावर पाव कोण घेईल गं?")

तर संशयित म्हणतो, रात्री नऊला पावाचं पीठ मळून ठेवलं आणि गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला गेलो. पहाटे चारला नायिका परात उघडते, तर पीठ जेमतेम दुप्पट फुगलेलं, वर छान घुमट. मे महिन्याचा उकाडा, यीस्ट नेहमीचंच. सात तासांत ते फुगून परत खाली बसायला हवं होतं, आंबूस वास यायला हवा होता. म्हणजे पीठ मध्यरात्रीनंतर मळलं!

पण इथंच घोडं अडलंय. यीस्ट कमी घातलं, मीठ जास्त पडलं किंवा बर्फाचं पाणी वापरलं, तरी पीठ हळूच फुगतं. मग गडी सुटला की. नुसती चव घेऊन, हात लावून हे ओळखता येतं का? तुम्ही कसं ओळखता?

आणि लाकडाची भट्टी रात्री विझवली, तर पहाटे आत किती धग उरते? आत हात घालता येतो का? एक चिठ्ठी अर्धवट जळलेली सापडायला हवीय मला.