चर्चा : एएची मिटिंग घराजवळची निवडावी की दुसऱ्या शहरातली?

पाचपाखाडीकर :
माझे मेहुणे दारूच्या व्यसनावरचे रुग्णालयातले उपचार पूर्ण करून नुकतेच नौपाड्यातल्या घरी परतले आहेत आणि यापुढे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या एए या संघटनेच्या, मिटिंगना नियमित जावे असे त्यांना डॉक्टरांनी सांगितले आहे. माझे मत असे की ठाण्यातल्या माणसाने निदान सुरुवातीला वाशी किंवा नेरूळचा ग्रुप धरावा. या मिटिंग बहुधा शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या सभागृहात भरतात. दोन पिढ्या एकाच पेठेत काढलेल्या माणसाने आपली मुलगी जिथे शिकते त्याच शाळेच्या फाटकातून संध्याकाळी आत जावे, ही अपेक्षा मला निर्दय वाटते. ट्रान्स-हार्बरची गाडी ठाण्याहून थेट वाशी आणि नेरूळला जाते, त्यामुळे प्रवास अवघड नाही. वेगळे मत असणाऱ्यांनी ते जरूर मांडावे.

ऐरोलीकर :
मी पूर्णपणे असहमत आहे. नव्या सदस्याला पहिल्या ९० दिवसांत ९० मिटिंग कराव्यात असे जुने सदस्य सांगतात. कार्यालयातून घरी आलेला माणूस रोज पुन्हा स्टेशन गाठून वाशीला जाईल, ही कल्पना कागदावर ठीक आहे. पहिल्या पावसाळी आठवड्यात ती मोडेल. शिवाय ज्याला आयुष्यभर सातच्या सुमारास पहिला पेग लागत होता, त्याने नेमक्या त्याच वेळी स्टेशनबाहेरच्या बारच्या पाट्यांखालून जा-ये करावी, हा कोणता शहाणपणा? ओळखीचे कोणी भेटेल या भीतीचे म्हणाल, तर क्लोज्ड, म्हणजे फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठीच असलेल्या, मिटिंगमध्ये भेटणारा माणूस त्याच कारणासाठी तिथे आलेला असतो. आणि (स्पष्ट लिहितो, राग मानू नये) शेजाऱ्यांपासून जे लपवायचे म्हणता, ते इमारतीच्या वॉचमनला आणि कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यांना बहुधा केव्हाच ठाऊक असते.

एएचा जन्मच जवळच्या माणसाच्या गरजेतून झाला. १९३५ साली बिल विल्सन हे नुकतीच दारू सोडलेले न्यू यॉर्कचे गृहस्थ व्यवसायानिमित्त ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी गेले असता व्यवहार फिसकटला, पिण्याची इच्छा अनावर होऊ लागली आणि त्यांनी हॉटेलातून फोन करकरून त्याच गावातला दुसरा मद्यपी शोधला. ते होते डॉक्टर बॉब स्मिथ, आणि या दोघांनीच एए सुरू केली. स्पॉन्सर, म्हणजे ज्याला अडचणीच्या क्षणी फोन करायचा तो जुना सदस्य, दहा मिनिटांत घरी पोहोचू शकत असेल तर त्याचा उपयोग निराळाच असतो.

पाचपाखाडीकर :
आपल्या उदाहरणातले विल्सन परगावी होते, त्यांना तिथे कोणी ओळखत नव्हते, म्हणून तर ते अनोळखी माणसाशी इतक्या मोकळेपणाने बोलू शकले, असेही म्हणता येईल. स्पॉन्सरचा मुद्दा मात्र मला मान्य आहे.

सानपाड्याची वाचक :
आपण दोघेही पुरुषाविषयीच बोलत आहात. माझ्या नात्यातली एक बाई दारू सोडू पाहत होती, तेव्हा तिला नवी मुंबईतल्या घराजवळच्या ग्रुपमध्ये एकटीच बाई म्हणून बसणे असह्य झाले. पिणाऱ्या पुरुषाला समाज निदान ‘बिचारा’ म्हणतो, बाईला तेवढेही मिळत नाही. तिने लांबचा ग्रुप निवडला, कारण तिथे आणखी स्त्रिया येत होत्या, आणि जोडीला घरून ऑनलाइन मिटिंग केल्या. म्हणून अंतराचा नियम सर्वांना सारखा लावू नये. तीन-चार ग्रुप पाहावेत आणि जिथे तोंड उघडावेसे वाटेल तिथे टिकावे. सदस्यत्वाला दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट आहे, फी नाही, नावनोंदणी नाही. ग्रुप बदलला म्हणून कोणाची परवानगी लागत नाही.

कळव्याचा निरीक्षक :
थोडी वेगळी हरकत. बारा पायऱ्यांमधला, म्हणजे एएच्या दारूमुक्तीच्या कार्यक्रमातल्या बारा टप्प्यांमधला, ईश्वराचा उल्लेख अनेकांना खटकतो आणि मग जवळचा ग्रुप असो वा लांबचा, माणूस दुसऱ्यांदा जात नाही. ‘आपल्याला उमगलेला ईश्वर’ अशी सवलत त्यात आहे, तरीही ज्याला ती पटत नाही त्याने समुपदेशकाकडे जावे, त्यात कमीपणा नाही. मात्र मिटिंग निरुपयोगी असतात हा सार्वत्रिक समजही चुकीचा आहे : २०२० सालच्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणारी संस्था) २७ अभ्यास तपासले गेले आणि रुग्णाला एएकडे वळवणाऱ्या, ठरावीक लिखित पद्धतीने दिलेल्या उपचारांनी सलग दारूमुक्त राहण्याचे प्रमाण इतर मानसोपचारांपेक्षा अधिक आढळले. दुसरे असे की आपले मेहुणे उपचार घेऊन आले आहेत हे बरे झाले, कारण रोज भरपूर पिणाऱ्याने केवळ मिटिंगच्या भरवशावर एकाएकी दारू थांबवली तर फिट येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांत जिवावर बेतणारा भ्रमही होऊ शकतो.

ऐरोलीकर :
हे मान्य. पण मूळ प्रश्न अंतराचा होता आणि तो मेहुण्यांनी विचारलेला दिसत नाही, तो आपण विचारला आहे. ग्रुपला फोन त्यांनी स्वतः करावा. ठिकाणे ठाऊक नसतील तर १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवरही चौकशी करता येते. आपल्या भगिनींसाठी अल-अ‍ॅनॉन हा नातेवाइकांचा वेगळा ग्रुप असतो. त्यांनी नवऱ्याच्या निर्णयाची वाट न पाहता तिकडे जावे.

पाचपाखाडीकर :
बहिणीला हे आजच सांगतो. मेहुण्यांपुढे दोन्ही पर्याय ठेवीन, पण त्यांनी मला विचारलेच, तर मी अजूनही वाशीच म्हणेन.