मनगटाच्या एक्स-रेत स्कॅफॉइडची (मनगटातलं छोटं हाड) कड धूसर येते, पॅनल नवं असूनही

गिरगाव_टेक: नमस्कार. स्कॅफॉइडमधली हाडाची जाळी पुसट दिसते, बारीक फ्रॅक्चर सुटेल अशी धास्ती वाटते. हात टेबलावर, डीआर पॅनल (डिजिटल प्रतिमा टिपणारी पाटी) खाली बकीत (टेबलाखालच्या ट्रेमध्ये), ट्यूब ते पॅनल 100 सेंमी, मोठा फोकस (ट्यूबमधला किरण निघण्याचा ठिपका) 1.2 मिमी, 50 केव्ही (ट्यूबचा व्होल्टेज). पिक्सेल 0.14 मिमीचा. केव्ही वाढवू का?

परळ_रेडिओग्राफर: केव्हीने काँट्रास्ट बदलेल, कड सुधारणार नाही. गोम बकीत आहे. टेबलाची वरची फळी ते पॅनल साधारण 8 सेंमी, त्यात मनगटाचे 2 मिळवा. म्हणजे हाड पॅनलपासून 10 सेंमी उंच. फोकसला या उंचीने गुणा, ट्यूब ते हाड अंतराने भागा: 1.2 × 10 ÷ 90 = 0.13 मिमी, एवढी कड पसरते. जवळजवळ अख्खा पिक्सेल धूसर! पॅनल बाहेर काढून हात थेट त्यावर ठेवा, ट्यूब पुन्हा 100 सेंमीवर आणा: 1.2 × 2 ÷ 98 = 0.024. मनगटाला ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) लागत नाही, तेव्हा एमएएसही (ट्यूबचा करंट एमए × सेकंद) कमी करा. इथे छोटा फोकस बिनधास्त वापरा.

चेंबूर_क्यूए: बरोबर. पण हात हललाय का तेही बघा. शिशाचा मार्कर पॅनलला टेकवून ठेवा. मार्कर स्वच्छ आणि हाड एकाच दिशेला ओढल्यासारखं, तर हालचाल. कोपरापासून हात टेकवा, वाळूची पिशवी द्या. मार्करही धूसर असेल तर पॅनल किंवा प्रोसेसिंग तपासा.
शिवाय 1.2 हा नुसता लेबलवरचा आकडा. 40 टक्के सूट धरली तर 1.68 सुद्धा पास होतो. एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळ) नियमाने दर दोन वर्षांनी होणाऱ्या क्यूएच्या (गुणवत्ता तपासणी) रिपोर्टमध्ये मोजलेला फोकस बघा.

गिरगाव_टेक: आभार. मग कमरेच्या लॅटरललाही (बाजूने काढलेला एक्स-रे) छोटा फोकस?

परळ_रेडिओग्राफर: नको. समजा 60 एमएएस लागले. छोट्या फोकसवर 100 एमए मिळत असेल तर 0.6 सेकंद, मोठ्यावर 300 एमएने 0.2. त्या 0.6 सेकंदात श्वास हलला की फोकसची सगळी कमाई गेली. मोठा फोकस ठेवा, श्वास रोखायला सांगा. ग्रिडला चालत असेल तर अंतर 115 सेंमी करा.

चेंबूर_क्यूए: आणि कृपा करून एज एन्हान्समेंट (सॉफ्टवेअरने कडा ठळक करणं) चढवून धूसर फिल्म ‘शार्प’ करू नका. प्लेट-स्क्रूभोवती काळी रेघ उमटते आणि स्क्रू सैल झाल्यासारखा दिसतो.