रविवारी अभ्यास नाही: कॉलेजच्या आठवड्यात हे जमायलाच हवं, असं माझं मत

मागचा_बाक (धागा सुरू करणारी)

ख्रिस्ती विद्यार्थ्याचा आठवडा कसा असतो असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: रविवारी चर्चला जातो, बाकी सगळ्यांसारखंच. मला हे पटत नाही. चर्चला जाणं सोपं आहे हो. सकाळची उपासना आटोपते, आपण खोलीवर येतो आणि समोर लॅपटॉप असतो. सोमवारी सबमिशन असतं. तो उघडायचा की नाही, खरा प्रश्न तिथे आहे. मी उघडत नाही.

याचा परिणाम रविवारपेक्षा बाकीच्या सहा दिवसांवर जास्त होतो. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या २०व्या अध्यायात विश्रांतीच्या आधी 'सहा दिवस श्रम कर' असंही सांगितलंय, ते आपण विसरतो. रविवार मोकळा हवा तर जर्नल शनिवारी रात्री पूर्ण लागतं. सगळे बाहेर गेलेले, मजल्यावर सामसूम, मी आलेखावर रीडिंग्ज मांडत बसलेली, एक बिंदू रेषेवर येता येत नाही. अशा वेळी चिडचिड होते, खोटं कशाला बोलू. पण त्यामुळेच मंगळवारी दुपारी उगाच मोबाइल चाळत बसणं कमी झालं. बुधवारी संध्याकाळी रिकाम्या वर्गात आमचा प्रार्थना गट बसतो. चार बाकं एकत्र ओढायची, एक अध्याय वाचायचा, कुणाचा कुठला पेपर अवघड जातोय ते एकमेकांना सांगायचं. तिथेही मी डोक्यात सबमिशन घेऊन बसत नाही.

ब्रिटनचा धावपटू एरिक लिडल विद्यार्थीच होता, एडिनबर्ग विद्यापीठात विज्ञान शिकत होता. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या, म्हणून त्याने ती शर्यत सोडली. ४०० मीटर धावला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकला. त्याच्यापुढे अख्खा देश होता, आपल्यापुढे एक असाइनमेंट आहे.

तुमचं काय मत?

बॅच_बी

मी ख्रिस्ती नाही, पण अशाच एका मैत्रिणीबरोबर एका प्रोजेक्ट गटात होतो, म्हणून लिहितोय. तिचा रविवार मोकळा असायचा आणि आमचा भरलेला. रविवारी दुपारी कोड चालेना, तिचा फोन बंद, मग तिचा भागही आम्ही बघायचो. तिच्या श्रद्धेबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण एकाचा विसावा तिघांच्या डोक्यावर बसत असेल तर त्याला काय म्हणायचं? लिडल एकटा धावत होता. रिलेच्या संघात असता तर?

पहाटेची_घंटा

इतिहासाकडे बघा. रोमन साम्राज्यात रविवारच्या सुट्टीचा हुकूम कॉन्स्टंटाइनने काढला तो ३२१ साली, आणि शेतकऱ्यांना त्यातूनही सूट होती. त्याआधीची जवळजवळ तीन शतकं ख्रिस्ती लोकांना रविवारी सुट्टी नव्हती. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला धाकटा प्लिनी हा रोमन अधिकारी सम्राट ट्राजनला लिहितो की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. त्यांच्यात गुलाम होते. त्यांना दिवसभर विसावा कोण देणार? तरी ते ख्रिस्तीच होते ना?

आणि लिडलची गोष्ट अर्धीच सांगितली जाते. पुढे तो चीनमध्ये मिशनरी झाला, जपान्यांच्या नजरकैदेच्या छावणीत १९४५ मध्ये वारला. त्या छावणीत मुलं रविवारी खेळायची आणि पंच नसल्यामुळे मारामारी व्हायची. तेव्हा हाच लिडल रविवारी पंच म्हणून उभा राहिला. त्याने नियमापेक्षा मुलं मोठी मानली.

मागचा_बाक

@पहाटेची_घंटा, छावणीतली गोष्ट मला माहीत आहे आणि ती मला जास्तच आवडते. पण तो स्वतःच्या पदकासाठी रविवारी उतरला नाही, दुसऱ्यांच्या मुलांसाठी उतरला. माझं सबमिशन हे माझं पदक आहे. गुलामांना विसावा मिळत नव्हता म्हणून मला मिळत असलेला मी टाकून द्यायचा, हे काही पटत नाही.

@बॅच_बी, तुमचा मुद्दा मात्र बायबलमध्येच आहे. त्यातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात हीच आज्ञा पुन्हा येते, आणि तिथे तुझ्याप्रमाणे तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा असं स्पष्ट आहे. कारण तू स्वतः मिसर (इजिप्त) देशात दास होतास. म्हणजे आपलं काम दुसऱ्यावर ढकलून घेतलेल्या सुट्टीला त्या आज्ञेचा आधारच नाही. म्हणून मी गट ठरतो त्याच दिवशी सांगते: रविवारी मी नाही, त्या बदल्यात सगळ्यात कंटाळवाणा भाग माझा आणि तो शनिवार दुपारपर्यंत तुमच्या हातात. अहवालाची मांडणी, तक्ते, संदर्भ जुळवणं, जे कुणालाच नको असतं ते. तुमच्या मैत्रिणीने हे आधी बोलायला हवं होतं.

रात्रपाळी

मी नर्सिंगला आहे. वॉर्डातली पाळी रविवारी लागली तर लागली, रुग्ण काही शनिवारी बरे होऊन जात नाहीत. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही, हे मार्कच्या दुसऱ्या अध्यायात प्रभूनेच सांगितलं. सकाळी पाळी असेल तर मी शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला (उपासनेला) जाते. आमच्या कॅथलिकांकडे त्याने रविवारचं कर्तव्य पूर्ण होतं. विसावा मग मंगळवारी. ताई, तुमच्या मांडणीत माझ्यासारखीचा आठवडा कुठे बसतो? की आमचा आठवडा कमी ख्रिस्ती?

सूर्यास्त

आमच्या मंडळीत शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. रविवारवाल्यांना निदान बहुतेक ठिकाणी कॉलेज बंद असतं. आमच्या शनिवारी लेक्चर असतात, प्रात्यक्षिकं असतात, कधी परीक्षाही. माझी एक परीक्षा शनिवारी आली. अर्ज केला, पाळकांचं पत्र जोडलं, उत्तर आलं की वेळापत्रक बदलता येणार नाही. मी बसले नाही. पुढच्या सत्रात तो विषय पुन्हा दिला. घरचे नाराज होते आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, फी तेच भरत होते. पण मला पुन्हा विचारलं तरी मी तेच करीन. मागचा_बाक, एक सांगावंसं वाटतं: जगाचं कॅलेंडर आपल्या बाजूने असताना पाळलेल्या दिवसाचा हवाला दुसऱ्याला देताना जपून.

पेन_ड्राइव्ह

इथे बहुतेकांना घरून पैसे येतात असं दिसतंय. मी सोमवार ते शनिवार कॉलेज सुटल्यावर रात्रीपर्यंत काम करतो. अभ्यासाला मला रविवार दुपारच मिळते. सकाळी मी चर्चला जातो आणि खरं सांगतो, प्रवचनात डोळे मिटतात. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत तो युतुख नावाचा तरुण आहे ना, प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि हा खिडकीत बसल्याबसल्या झोपून तिसऱ्या मजल्यावरून पडला. पौलाने त्याला ओरडा दिला नाही. खाली उतरला, त्याला कवेत घेतलं. दमलेल्या पोराशी कसं वागायचं ते मला तिथे दिसतं.

'सहा दिवसांत संपव' हे ज्याच्याकडे सहा दिवस आहेत त्याला सांगा.

जुना_विद्यार्थी

मला तर रविवारवर एवढा जोर देणंच चुकीचं वाटतं. १७२९ च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये जॉन आणि चार्ल्स वेस्ली या भावांभोवती काही विद्यार्थी जमले. बुधवारी-शुक्रवारी उपवास, दर आठवड्याला प्रभुभोजन, आणि पुढच्या वर्षापासून तुरुंगातल्या कैद्यांना नियमाने भेटी. इतर विद्यार्थी त्यांना चिडवायचे, 'मेथडिस्ट' (नियमाने चालणारे) हे नाव त्या चिडवण्यातूनच चिकटलं. त्यांचा आठवडा लोकांच्या डोळ्यांत आला तो त्यांनी काय केलं म्हणून. तुमच्या आठवड्यात कैदी कुठे आहे? आजारी कुठे आहे? दुपारी पुस्तक मिटलं की उघडं, हे देव बघत बसलाय असं मला वाटत नाही.

मागचा_बाक

@रात्रपाळी, नाही हो, अजिबात कमी नाही. रुग्णाजवळ उभं राहणं आणि माझं जर्नल या दोन गोष्टी मी एका पारड्यात घालणार नाही. तुम्ही मंगळवार राखताय, हेच तर मी म्हणतेय.

@जुना_विद्यार्थी, रविवारी दुपारी लॅपटॉप बंद असतो तेव्हाच आमच्यातले काही जण वृद्धाश्रमात जातात. उघडा असता तर कोण गेलं असतं?

@पेन_ड्राइव्ह, तुमच्यासाठी मी हा नियम सांगत नाही. पण तुमचं वाचून राग आला, तुमच्यावर नाही, आमच्यासारख्यांवर. ज्यांचे सहा दिवस मोकळे आहेत त्यांनी बुधवारी तुमच्या नोट्स काढून ठेवायला काय हरकत आहे? आमचा गट प्रार्थना करतो, 'अमक्याला बळ दे' म्हणतो आणि उठतो. तुमच्या कॉलेजात असा गट असेल तर त्यांना हे ऐकवा.

पेन_ड्राइव्ह

नोट्स मिळाल्या तर आनंदच. पण त्या वाचायला पुन्हा रविवार दुपारच लागेल. मी ती वापरीन, आणि पुस्तक उघडण्याआधी प्रार्थना करीन. त्यात प्रभूचा दिवस मोडतो असं मी मानत नाही, कुणी कितीही वचनं दाखवली तरी.

बॅच_बी

@मागचा_बाक, तक्ते आणि संदर्भ शनिवार दुपारपर्यंत मिळणार असतील तर पुढच्या सत्रात असा माणूस मला गटात चालेल. फक्त कोड रविवारी अडला तर सोमवारी सकाळी पहिल्या लेक्चरच्या आधी तासभर लवकर यायचं, हेही गट ठरतानाच लिहून घेऊ.